मेसोथेलिओमा

मेसोथेलिओमा हा शरीरातील पोकळ्यांच्या आतील आवरणात उद्भवणारा एक दुर्मिळ आणि आक्रमक कर्करोग आहे. फुप्फुसे, हृदय व उदरातील इंद्रिये यांच्याभोवती पेशींचा एक अतिशय पातळ स्तर असतो. त्यातून स्रवणाऱ्या द्रवामुळे ही इंद्रिये हालचाल करताना आजूबाजूला घासत नाहीत. या स्तराला मेसोथेलियम म्हणतात आणि त्यावरूनच रोगाला हे नाव मिळाले. फुप्फुसाच्या कर्करोगाशी त्याची नेहमी गल्लत केली जाते. वस्तुतः हा रोग फुप्फुसात नव्हे, तर बहुधा त्याच्या आवरणात सुरू होतो. त्याचे प्रमुख कारण ॲस्बेस्टस हे खनिज असून, ॲस्बेस्टसशी संपर्क आल्यानंतर रोग प्रकट होण्यास साधारणतः २० ते ५० वर्षे लागतात.

कारणे

ॲस्बेस्टस हे एकच खनिज नसून तंतुमय सिलिकेट खनिजांच्या गटाचे व्यापारी नाव आहे. त्यांपैकी क्रायसोटाइल (पांढरा), अमोसाइट (तपकिरी) व क्रोसिडोलाइट (निळा) हे उद्योगांत सर्वाधिक वापरले गेले. निळा प्रकार मेसोथेलिओमाच्या दृष्टीने सर्वांत घातक मानला जातो. मात्र आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सर्वच प्रकारांना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. म्हणजे ‘पांढरा ॲस्बेस्टस निर्धोक’ हा समज टिकणारा नाही.

डोळ्यांना न दिसणारे हे सूक्ष्म तंतू श्वासावाटे वायुकोशांपर्यंत जातात आणि तेथून फुप्फुसावरणात पोहोचतात. शरीरातील भक्षक पेशी त्यांना गिळू पाहतात. परंतु लांब तंतू त्यांना पुरते गिळता येत नाहीत आणि शरीराला विरघळवताही येत नाहीत. परिणामी त्या जागी वर्षानुवर्षे दाह चालू राहतो व पेशींच्या जनुकीय द्रव्याची हानी साचत जाते. संपर्क आणि रोग यांतील दीर्घ अंतरामागे हेच कारण असावे, असे मानले जाते.

हा संबंध ठामपणे पुढे आला तो दक्षिण आफ्रिकेत. तेथील केप प्रांताच्या वायव्य भागात निळ्या ॲस्बेस्टसच्या खाणी होत्या. त्या भागातून येणाऱ्या काही रुग्णांच्या छातीत पाणी होत असे, पण क्षयाचे उपचार त्यांना लागू पडत नसत. वॅग्नर, स्लेग्ज व मार्चंड यांनी १९६० मध्ये अशा ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. एक अपवाद वगळता सर्वांचा ॲस्बेस्टसशी संपर्क आल्याचे आढळले. विशेष म्हणजे त्यांतील अनेक जण खाणकामगार नव्हते. ते केवळ खाणींच्या परिसरात राहिले किंवा लहानपणी तेथे वाढले होते.

लंडनमधील ७६ रुग्णांच्या १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने यात आणखी भर घातली. त्यांतील ९ रुग्णांचा संपर्क केवळ घरातील ॲस्बेस्टस कामगारामुळे आला होता. पतीचे धुळीने माखलेले कपडे धुणाऱ्या स्त्रिया हे त्याचे ठळक उदाहरण होय. आणखी ११ जण ॲस्बेस्टसच्या कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहत होते. धोका कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नाही, हे यातून स्पष्ट झाले.

ॲस्बेस्टसखेरीज एरिओनाइट हे तंतुमय खनिजही या रोगास कारणीभूत ठरते. तुर्कस्तानातील कॅपाडोसिया प्रदेशात करायन, तुझकॉय यांसारख्या खेड्यांतील घरांच्या दगडांत व मातीत ते आढळते आणि तेथे या रोगाचे प्रमाण असाधारण आहे. बीएपी१ या जनुकातील आनुवंशिक दोष असलेल्या कुटुंबांतही धोका वाढतो. छातीवर पूर्वी घेतलेले किरणोपचार हे क्वचित आढळणारे कारण आहे. धूम्रपानाने मेसोथेलिओमा होत नाही; ॲस्बेस्टस व धूम्रपान एकत्र आल्यास मात्र फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो.

प्रकार

स्थानानुसार फुप्फुसावरणाचा मेसोथेलिओमा सर्वाधिक आढळतो. त्याखालोखाल पर्युदराचा, म्हणजे उदरपोकळीच्या आवरणाचा, प्रकार येतो. हृदयावरण व वृषणावरण यांचे प्रकार अत्यंत विरळ आहेत.

उपचार आणि रोगाची वाटचाल ठरवताना पेशींचे स्वरूपही तितकेच महत्त्वाचे असते. एपिथेलिऑइड प्रकार सर्वांत सामान्य असून त्यातील रुग्ण तुलनेने अधिक काळ जगतात. सार्कोमॅटॉइड प्रकारात पेशी लांबट, चातीच्या आकाराच्या असतात व उपचारांना फारसा प्रतिसाद देत नाहीत. दोन्ही प्रकारच्या पेशी एकत्र आढळल्यास त्याला द्विरूपी प्रकार म्हणतात. जुन्या पुस्तकांत ‘सौम्य मेसोथेलिओमा’ असा उल्लेख सापडतो. आजच्या वर्गीकरणात मेसोथेलिओमा म्हणजे कर्करोगच.

लक्षणे

आरंभीची लक्षणे अगदी सामान्य असतात: चालताना धाप लागणे, छातीच्या एका बाजूस दुखणे, कोरडा खोकला, थकवा. फुप्फुसाभोवती पाणी साठणे हे बहुतेक रुग्णांत आढळते. ते काढले तरी पुन्हा भरते. पुढे आवरण जाड होत जाऊन फुप्फुसाला कवचासारखे आवळते आणि वजन झपाट्याने घटते. पर्युदराच्या प्रकारात पोट फुगणे, जलोदर, पोटदुखी व आतड्यांत अडथळा ही लक्षणे दिसतात.

निदान

क्ष-किरण व सीटी स्कॅन यांतून संशय निर्माण होतो, परंतु निश्चित निदानासाठी ऊतकाचा तुकडा तपासावा लागतो. तो बहुधा छातीत दुर्बीण घालून घेतला जातो. केवळ साठलेल्या पाण्याच्या तपासणीतून निदान बरेचदा निसटते. फुप्फुसाच्या कर्करोगापासून हा रोग वेगळा ओळखण्यासाठी कॅलरेटिनिनसारख्या प्रथिनांच्या विशेष रंजनचाचण्या केल्या जातात.

भारतात छातीत पाणी झाले की प्रथम क्षयाचा विचार होतो, आणि तो साहजिकही आहे. परंतु पाणी वारंवार साठत असेल, तर रुग्णाने तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणते काम केले, घरातील कोणी कारखान्यात, गोदीत वा जहाजतोडणीत होते का, हा प्रश्न निर्णायक ठरू शकतो. निवृत्त रुग्ण स्वतःहून ती माहिती क्वचितच देतो.

उपचार

रोग पूर्ण बरा होणे विरळच. पेमेट्रेक्सेड व सिस्प्लॅटिन ही औषधे एकत्र दिल्यास आयुर्मान वाढते, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. केवळ सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ९.३ महिने, तर दोन्ही औषधे घेणाऱ्यांचे १२.१ महिने होते. निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब या प्रतिकारशक्तीवर आधारित औषधांना अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. सार्कोमॅटॉइड व द्विरूपी प्रकारांत त्यांचा लाभ अधिक ठळक आहे. फुप्फुसावरणाच्या मोठ्या शस्त्रक्रियांच्या उपयुक्ततेविषयी तज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत. पर्युदराच्या निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेसोबत उदरपोकळीत तापवलेले रसायनौषध फिरवले जाते. साठलेले पाणी काढणे आणि वेदनाशमन हे प्रत्येक टप्प्यावर आवश्यक असते.

मध्यक आयुर्मान म्हणजे प्रत्येक रुग्णाचे भविष्य नव्हे. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पर्युदराचा मेसोथेलिओमा झाला. तेव्हा या रोगाचे मध्यक आयुर्मान आठ महिने सांगितले जात होते. ते त्यानंतर वीस वर्षे जगले आणि २००२ मध्ये वेगळ्याच कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

भारतातील स्थिती

ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टसवरही बंदी घातली; ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीपासून संपूर्ण बंदी आहे. भारतात मात्र पांढरा ॲस्बेस्टस आयात होतो आणि प्रामुख्याने छपराच्या सिमेंटच्या पत्र्यांसाठी वापरला जातो. अखंड पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. तो कापताना, त्याला भोके पाडताना किंवा जुना पत्रा फोडताना धूळ उडते. मुंबईत मुलुंड व घाटकोपर येथे, तर गुजरातेत अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावर कामगारांचा ॲस्बेस्टसशी संपर्क आला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालात ॲस्बेस्टस कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतरचे असेल तोपर्यंत, जपण्याचा आदेश दिला. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टसजन्य मेसोथेलिओमाचा व्यावसायिक रोग म्हणून समावेश होता. तथापि भरपाईसाठी त्या कामाचा पुरावा लागतो. कंत्राटी कामगाराकडे, किंवा कपडे धुण्यातून रोग झालेल्या त्याच्या पत्नीकडे, तो सहसा नसतो.