अंगण खरोखरच वाकडे असेल तर

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण शाळेत शिकतो आणि पुढे आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरतो. तिच्यात निवाडा आधीच झालेला आहे : दोष नाचणाऱ्याचा, अंगण निर्दोष. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात नृत्याच्या सरावासाठी एक खोली तयार करायची होती. भरतनाट्यम् शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तिथे फरशी नको, लाकडी जमीन हवी, अशी लेखी विनंती केली. समितीत कोणीतरी ही म्हण उच्चारली, सगळे हसले आणि पुसायला सोप्या म्हणून चकचकीत व्हिट्रिफाइड फरश्या बसल्या. हसणाऱ्यांत मीही होतो.

भरताच्या नाट्यशास्त्राने मात्र अंगणाचा प्रश्न हसण्यावारी नेलेला नाही. दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाच्या बांधणीचा विचार जमिनीपासूनच सुरू होतो. जागा नांगरावी, तीतील हाडे, खुंट, गवत काढून टाकावे. रंगशीर्षाच्या भरावाला काळी माती घ्यावी आणि तीत ढेकूळ वा खडा राहू देऊ नये. तयार झालेला पृष्ठभाग कासवाच्या पाठीसारखा नसावा, माशाच्या पाठीसारखाही नसावा. तो स्वच्छ आरशासारखा सपाट असावा. या तळाखाली दिशादिशांना रत्ने पुरण्याचा जो विधी पुढे येतो तो श्रद्धेचा भाग म्हणून बाजूला ठेवता येईल. कासव आणि मासा यांचे तसे नाही. फुगीर जमिनीवर पाऊल घसरते आणि मधोमध कणा उमटलेल्या जमिनीवर घोटा मुरगळतो, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच या दोन उपमा सुचाव्यात. अंगण वाकडे असू शकते आणि ते सरळ करणे ही नाचणाऱ्याची नव्हे तर बांधणाऱ्याची जबाबदारी आहे, हे या ग्रंथाने गृहीतच धरले आहे.

ग्रंथातील ही मातीची भूमी प्रत्यक्षात सगळीकडे राहिली नाही. दक्षिणेत नृत्य मंदिरांच्या आश्रयाने वाढले आणि मंदिरे दगडाची होती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सेवेसाठी राजराज चोळाने चारशे स्त्रिया आणून वसवल्याचे तिथल्या शिलालेखात नोंदलेले आहे. त्याच मंदिरात करणांची शिल्पे आहेत. १०८ पैकी ८१ कोरली गेली, बाकीच्या शिळा कोऱ्याच राहिल्या. मुद्रा, वळण, तोल हे सारे दगडात टिकले. दगडी मंडपात नाचणाऱ्या पायांचे काय झाले, हे मात्र कोणत्याही शिळेवर कोरलेले नाही.

विसाव्या शतकात या नृत्याची जागा पुन्हा बदलली. १९३५ साली रुक्मिणीदेवींनी ते रंगमंचावर सादर केले आणि १९३६ मध्ये कलाक्षेत्राची स्थापना झाली. मंदिरातला नाच आधुनिक नाट्यगृहात आला आणि लाकडी फळ्यांच्या रंगमंचाशी त्याची गाठ पडली. पुढे हेच नृत्य शहरोशहरी वर्गांतून शिकवले जाऊ लागले. पुण्या-मुंबईतही घरोघरच्या मुली ते शिकू लागल्या. हे वर्ग भरतात शाळेच्या खोलीत, इमारतीच्या गच्चीवर, वाहनतळात. म्हणजे शहाबादी, मोझॅक वा साध्या सिमेंटच्या जमिनीवर. प्रयोग वर्षातून दोनदा लाकडावर आणि सराव रोज काँक्रीटवर, अशी ही विपरीत वाटणी आहे. प्रेक्षक ज्या जमिनीकडे पाहतो तिची काळजी घेतली गेली. देह जिच्यावर घडतो वा मोडतो, ती तशीच राहिली.

हे मोडणे अलंकारिक नव्हे. उडीवरून उतरताना देहावर येणारा आघात स्वतःच्या वजनाच्या काही पट असतो. जमीन थोडी दबली तर त्यातला काही भाग ती स्वतः घेते. काँक्रीट जवळजवळ काहीच घेत नाही. अर्धमंडलात बसून रोज शेकडो वेळा तळपाय आपटणाऱ्या मुलीच्या नडगीत आधी दुखणे येते आणि पुढे हाडाला सूक्ष्म चीरही जाऊ शकते. शेणाने सारवलेले मातीचे अंगणही कठीणच, पण काँक्रीटइतके निर्दय नव्हे.

पाश्चात्त्य नृत्यशाळांनी यावर लवचीक लाकडी जमिनीचा उपाय शोधला : खाली आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी किंवा रबराच्या गाद्या, त्यांवर लाकडाचे थर. मुळात क्रीडागृहांसाठी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय मानकाने अशा जमिनीने आघात किमान २५ व कमाल ७५ टक्के कमी करावा, असे ठरवले. कमाल मर्यादाही महत्त्वाची आहे, कारण फार मऊ जमिनीत पाय रुततो आणि स्नायू थकतात. काँक्रीटवर नुसती व्हिनाइलची पातळ चटई अंथरून हा प्रश्न सुटत नाही. ती घसरण थांबवते, आघात नव्हे. शिवाय ती फार चिकट असेल तर कथकच्या चक्करीत टाच अडते आणि पीळ गुडघ्याला बसतो. आपल्या नृत्यांतले पाय उघडे असतात. म्हणून लाकडाला कूस असून चालत नाही आणि पॉलिशचा गुळगुळीतपणाही परवडत नाही. भरताचा आरसा सपाटपणाचा आहे, चकाकीचा नव्हे. आमच्या समितीने नेमकी चकाकी तेवढी उचलली.

साहित्याचे अध्यापक म्हणून आपण म्हणींना लोकांच्या अनुभवाचे सार म्हणतो. पण कोणत्या लोकांच्या? या म्हणीत नाचणारीचा आवाज आहे तो केवळ सबब म्हणून. शेवटचा शब्द बघणाऱ्याचा आहे. कलेच्या इतिहासातही बहुधा असेच घडते. आपण राजाश्रयाविषयी लिहितो, परंपरेविषयी लिहितो, रसाविषयी तर किती लिहितो. पायाखालच्या जमिनीविषयी मात्र क्वचितच.

ती विद्यार्थिनी पुढे नडगीच्या दुखण्याने वर्षभर नाचू शकली नाही. त्याला तीच फरशी कारण झाली, असे मी म्हणणार नाही. तिचा सराव इतरत्रही होत असे. पण तिने मागितले होते ते सबब म्हणून नव्हे, हे मला तेव्हा कळायला हवे होते. ती खोली आजही तशीच आहे. वर्गात ही म्हण आली की मी आता कासवाच्या आणि माशाच्या पाठीची गोष्टही सांगतो. विद्यार्थी हसतात, मग त्यांतले एखादे तरी हसायचे थांबून खाली फरशीकडे पाहते.