ऑटोफोकस : टेलिलेन्समधील अडचणी

विषयाचे अंतर हेरून भिंग आपोआप जुळवून घेण्याची कॅमेऱ्यातील सोय. १९८५ च्या मिनोल्टा ७००० पासून ती अदलाबदलीच्या भिंगांच्या कॅमेऱ्यांत रुळली. पक्षी आणि वन्यप्राणी टिपताना ती कुठे चुकते, हे बीड जिल्ह्यात नायगाव मयूर अभयारण्याच्या (पाटोदा तालुका, घोषणा १९९४, क्षेत्र सुमारे ३० चौ. किमी.) परिसरात चांगले कळते. बालाघाट डोंगररांगेतले हे माळ आणि झुडपी रान मोरांसाठी राखलेले आहे.

टेलिलेन्सचे पहिले दुखणे म्हणजे फोकसची पातळ पट्टी. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५०० मिमी भिंग, एफ/५.६ छिद्र आणि १० मीटरवर मोर असेल, तर जेमतेम १३ सेंमी खोलीचा भाग स्पष्ट येतो. २० मीटरवर अर्धा मीटर. समोरून येणाऱ्या मोराची चोच आणि डोळा साधला, की पाठीमागचा पिसारा पुसट होतो. त्यात उभारलेला पिसारा मानेपेक्षा जास्त नक्षीदार, त्यामुळे फोकस-बिंदू जरा सरकला की कॅमेरा तोच धरतो. डोळा ओळखणारे नवे मिररलेस कॅमेरे इथे मोठा आधार आहेत; पण मोर बाभळीच्या किंवा बोरीच्या आड गेला, की पुढची काटेरी फांदी बाजी मारते. अशा वेळी एकच छोटा बिंदू निवडणे उत्तम. भिंगावरची फोकस-मर्यादेची कळ जवळचे अंतर वगळते, पण फांदी आणि पक्षी दोन्ही मर्यादेपलीकडे असले तर तिचा उपयोग नाही.

फेज-डिटेक्शन पद्धतीत भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची तुलना होते आणि भिंग कोणत्या दिशेला किती फिरवायचे ते ठरते. त्यासाठी विषयावर रेघा, कडा, उजेड-सावलीचा फरक लागतो. माळावर दबून बसलेली पखुर्डी मातीत मिसळून जाते, ढगाळ आभाळासमोरचा कोतवाल नुसता काळा डाग दिसतो. दोन्हींवर भिंग पुढे-मागे भटकत राहते. १.४ पट टेलिकन्व्हर्टर लावला की एफ/५.६ चे एफ/८ होते, प्रकाश निम्म्यावर येतो. जुन्या डीएसएलआरच्या अनेक मॉडेलांत तेवढ्यावर ऑटोफोकस बंदच पडे.

उन्हाळ्यात मात्र दोष कॅमेऱ्याचा नसतो. तापलेल्या रानावरची हवा थरथरते, त्यामुळे शंभर मीटरवरच्या काळविटाची कडाच मुळी स्थिर नसते. मग भिंग बिघडले म्हणून दुरुस्तीला नेणारे, डीएसएलआरमधले फोकसचे सूक्ष्म समायोजन भर दुपारी करत बसणारे पुष्कळ. महागडे भिंगही ही हवा ओलांडू शकत नाही. सूर्योदयानंतरचा पहिला तास गाठावा आणि अंतर कमी करावे, मात्र पक्षी बिचकेल इतके नव्हे; मोर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे.

पावसाळ्यात हवा निवळते आणि मोर नाचू लागतात, तेव्हा उजेड तोकडा पडतो. आयएसओ वाढवून शटरचा वेग राखावा लागतो. हिवाळ्यात हवा आणि ऊन दोन्ही छान असतात. पण पावसाळा सरताना पिसारा गळून गेलेला असतो, आणि नवा पुरता वाढायला हिवाळा संपावा लागतो.