भंडाऱ्याचा कोसा आणि त्याचे ओकवरचे भाऊबंद

भंडारा जिल्ह्यांतील मोहाडी आणि आंधळगांव हीं नांवें कोसा कापडाबरोबर दूरवर पोहोंचलीं आहेत. परंतु ज्या पतंगाच्या धाग्यावर हा लौकिक उभा आहे, त्याची खरी ओळख पटावयास विद्वानांस किती खटपट करावी लागली, ही हकीकत तितकीशी प्रसिद्ध नाहीं.

लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५८ मध्यें 'पाफिया' नांवाच्या एका मोठ्या पतंगाची नोंद केली. १७७३ मध्यें ड्रूरी या इंग्रज संग्राहकानें 'मायलिट्टा' हें नांव प्रसिद्ध केलें. तरीहि १८०४ मध्यें छापलेल्या लेखांत रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानें बंगालच्या टसर-किड्यास पाफियाच म्हटलें, आणि नांवांचा हा घोळ पुढें पुष्कळ वर्षें चालला. आज भंडाऱ्याच्या कोशाचा पतंग 'अँथेरिया मायलिट्टा' या नांवानें ओळखला जातो.

घोटाळ्याचें मूळ पंखांतच आहे. या एका जातींत नर बहुधा तांबूस, तर मादी पिवळी किंवा करडी असते. म्हणजे एका घरचीं माणसें परकीं वाटावींत! उलट, याच कुळांतील निराळ्या जातींच्या पंखांवर तसाच पारदर्शक चांदवा असतो, त्यामुळें परकीं माणसें एका घरचीं भासतात. गिलेरें-मेनव्हील या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५५ मध्यें चीनच्या 'पेर्नी'ला आणि १८६१ मध्यें जपानच्या 'यामामाई'ला नांव दिलें. हिमालयांतील 'रॉयली'चें वर्णन मूर यानें १८५९ मध्यें केलें. हे तिघेहि ओक वृक्षाचा पाला खाणारे. भंडाऱ्याच्या रानांत ओक नाहीं. तेथील अळी ऐन आणि अर्जुन यांच्या पाल्यावर वाढते.

म्हणून केवळ पंख पाहून निकाल देणें धोक्याचें ठरतें. मायलिट्टाचा टणक कोश लांब, बळकट देठानें फांदीला लोंबतो आणि देठाच्या टोकाचें कडें फांदीस घट्ट वेढून असतें. पेर्नीचा कोश पानांच्या वेष्टनांत असतो, रॉयलीच्या कोशास दुहेरी आवरण असतें, तर यामामाईचा कोश हिरवट असतो. हिवाळा काढण्याची रीतहि निराळी: पेर्नी कोशांत निजते, यामामाई अंड्यांत. ज्या ढिवर कुटुंबांनीं ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडून पांखरांपासून व मुंग्यांपासून त्यांची राखण केली, त्यांचा व्यवहार मुळापासून झाड आणि कोश यांच्याशींच होता. शास्त्रज्ञांनाहि शेवटीं त्याच खुणांकडे वळावें लागलें.

पुढें सूक्ष्मदर्शकानें आणखी एक खूण दाखविली. जननपेशींतील गुणसूत्रें मोजतां मायलिट्टांत ३१, रॉयलींत ३० आणि पेर्नींत ४९ भरतात. एवढें अंतर असूनहि १९६० च्या दशकाच्या अखेरीस रांची येथें डॉ. जॉली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रॉयली आणि पेर्नी यांचा संकर घडवून आणला आणि त्याची संतति पुढें चालली. 'प्रॉयली' नांवाच्या या वाणावर मणिपुरासारख्या ओकच्या प्रदेशांत टसराचा धंदा उभा राहिला. जातींमधील भिंत आंकड्यांवरून वाटते तितकी अभेद्य नसते, हें त्यावरून दिसून आलें.

भंडाऱ्यास या गोष्टीचें महत्त्व निराळें आहे. मायलिट्टांतहि प्रदेशपरत्वें अनेक वाण आहेत आणि त्यांतील एकास 'भंडारा' हेंच नांव आहे. ज्या जातींत मिश्रण इतक्या सहज घडतें, तेथें बाहेरचें बियाणें आणून रानांत सोडतांना विचार केला नाहीं, तर स्थानिक वाण गाजावाजा न होतां मिसळून जाईल. नांव राहील, नांवाचा धनी मात्र उरणार नाहीं. पतंगांची ओळख नीट पटवून घेणें ही केवळ पंडितांची हौस नव्हे. ऐनाच्या रानावर ज्यांची चूल पेटते, त्यांच्या उद्यांच्या बियाण्याची ती राखण आहे.