आभासी यंत्रातील कालविचलन

आभासी यंत्रातील कालविचलन म्हणजे प्रत्यक्ष संगणकावर आज्ञावलीच्या साहाय्याने निर्माण केलेल्या आभासी संगणकाचे, अर्थात व्हर्च्युअल मशीनचे, घड्याळ खऱ्या वेळेच्या मागे पडणे किंवा पुढे धावणे होय. प्रत्यक्ष संगणकास यजमान व त्यावरील आभासी संगणकास पाहुणा म्हणतात. पाहुण्यांमध्ये प्रोसेसर व मेमरी यांची वाटणी करणारी आज्ञावली म्हणजे हायपरव्हायझर. कालविचलन व यंत्राचा मंदपणा या दोन वेगळ्या तक्रारी मानल्या जातात. परंतु प्रोसेसर हवा तेव्हा न मिळणे हे पुष्कळदा दोहोंचे समान मूळ असते.

कारणे

संगणकात बॅटरीवर चालणारे एक घड्याळ असते. कार्यप्रणाली ते सामान्यतः सुरू होतानाच वाचते आणि पुढे वेळेचा हिशेब स्वतः ठेवते. यासाठीच्या जुन्या पद्धतीत एक उपकरण ठरावीक अंतराने प्रोसेसरला कालसंकेत पाठवते व त्यांच्या मोजणीवरून वेळ ठरते. इंटेल वंशाच्या सामान्य संगणकांवर लिनक्सच्या २.४ आवृत्तीत असे १०० संकेत दर सेकंदाला येत, २.६ आवृत्तीच्या आरंभी ते १,००० झाले. एका संगणकास हा भार जाणवत नाही. मात्र एका यजमानावर असे दहा पाहुणे असल्यास, ते सर्व रिकामे बसले असले तरी, हायपरव्हायझरला दर सेकंदाला १०,००० संकेत पोहोचवावे लागतात.

पाहुण्याची पाळी नसताना त्याचे संकेत साचत जातात. ते सोडून दिल्यास घड्याळ मागे पडते; नंतर भराभर दिल्यास काही काळ वेगाने धावते. काही वेळा पाहुणी कार्यप्रणाली हुकलेले संकेत अंदाजाने आपणच भरून काढते आणि हायपरव्हायझरही तेच संकेत उशिरा पोहोचवतो. मग एकच काळ दोनदा मोजला जातो व मंद यंत्राचे घड्याळ पुढे गेलेले दिसते. निदान करणाऱ्याची सर्वाधिक फसगत येथे होते.

यंत्र स्थगित करून पुन्हा चालू केल्यानेही घड्याळ थांबल्या वेळेवर अडकू शकते.

परिणाम

कर्बेरॉस ही ओळख पडताळणारी पद्धती सामान्यतः पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. त्यापुढे योग्य परवलीचा शब्द देऊनही प्रवेश नाकारला जातो. निरनिराळ्या यंत्रांवरील नोंदींचा क्रम जुळत नाही व घुसखोरीचा तपास अवघड होतो. भारतात सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या कालसेवेशी, अथवा तिच्याशी जोडलेल्या स्रोताशी, जुळवणे आवश्यक आहे.

निदान व उपाय

प्रथम प्रोसेसरची उपलब्धता तपासावी, घड्याळ नंतर. केव्हीएमवरील लिनक्स पाहुण्यात 'टॉप' या आज्ञेच्या उत्तरातील 'एसटी' हा आकडा, यंत्र कामास तयार असूनही प्रोसेसर अन्यत्र गुंतल्याने वाया गेलेल्या वेळेची टक्केवारी दाखवतो. व्हीएमवेअरमध्ये यजमानाच्या बाजूचे 'रेडी' हे माप साधारण हेच सांगते. आकडा सतत मोठा राहिल्यास पाहुण्यांची संख्या किंवा त्यांना दिलेले आभासी प्रोसेसर कमी करावे लागतात. मंद यंत्रास आणखी आभासी प्रोसेसर देणे हा लोकप्रिय उपाय आहे. गर्दीच्या यजमानावर तो दुखणे वाढवतो. आकडा लहान असूनही यंत्र रेंगाळत असेल, तर यजमानाची अपुरी मेमरी व डिस्कवरील ताण पाहावा.

लिनक्सच्या २.६.२१ आवृत्तीपासून रिकाम्या यंत्रातील अनावश्यक कालसंकेत टाळण्याची सोय आली. केव्हीएम-क्लॉकसारख्या व्यवस्थेत पाहुणा संकेत न मोजता यजमानाकडूनच वेळेची माहिती घेतो. यजमानाचे घड्याळ बिघडलेले असल्यास मात्र सर्व पाहुणे एकमताने चुकतात, म्हणून आधी तेच नेटवर्क टाइम प्रोटोकॉलने जुळवावे लागते. डेव्हिड मिल्स यांनी मांडलेल्या या प्रोटोकॉलचे वर्णन १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची 'एनटीपीडी' ही आज्ञावली घड्याळाचा वेग दहा लाखांत ५०० भाग, म्हणजे दिवसाकाठी सुमारे ४३ सेकंद, इतकाच बदलू शकते. याहून जलद विचलन तिला वरचेवर धक्के देऊन सुधारावे लागते. फरक १,००० सेकंदांपुढे गेल्यास ती मूळ मांडणीत स्वतःच बंद पडते. अस्थिर घड्याळांसाठी 'क्रोनी' अधिक सोयीची ठरते.

हायपरव्हायझरची नियमित कालजुळणी व पाहुण्यातील एनटीपी ही दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नयेत. दोघे एकमेकांची दुरुस्ती उलटवत राहतात आणि घड्याळ मागेपुढे हेलकावत राहते.