काळी चारची कुळकथा

अकोला-अमरावतीकडच्या एखाद्या गावात सामुदायिक प्रार्थनेनंतरच्या भजनाला बसा. पेटीवाला भाता हलवून बघतो, गाणाऱ्या बाईकडे मान वळवतो आणि विचारतो, "माय, कोन्ती पट्टी घेऊ?" ती डोक्यावरचा पदर सारखा करत सांगते, "काळी चारच धर नं बाप्पा. पाच माह्या गळ्याले झेपत नाही." स्वरलिपीशी तिचा कधी संबंध आलेला नसतो, पण आपल्या गळ्याचा पत्ता तिला तोंडपाठ असतो.

हा पत्ता मूळचा पॅरिसचा.

पेटीवर एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात. डावीकडून मोजत गेलं की चौथी काळी ती काळी चार. माझ्या समजुतीप्रमाणे 'पट्टी' हा शब्द बोटाखालच्या त्या लाकडी पट्टीवरूनच स्वराच्या उंचीला चिकटला. त्याआधी आपल्याकडे आवाज चढा असे, ढाला असे, खर्जाचा असे; त्याला आकडा नसे. तंबोरा गळ्याप्रमाणे लावायचा, एकतारी गळ्याला जुळवून घ्यायची. आज एक, उद्या घसा बसला तर थोडं खाली, त्याचा हिशेब कोण ठेवतो? खंजिरीला तर पट्टी विचारण्याची सोयच नाही. तुकडोजी महाराजांची खंजिरी कडाडली की गाव जमायचं, ते काही सा कुठे लावलाय हे बघायला नव्हे.

आवाजाला आकडा आला तो पेटीबरोबर. अलेक्झांद्र देबँ या पॅरिसच्या कारागिरानं १८४० साली 'हार्मोनियम' या नावानं पेटंट घेतलं. ते वाद्य जमिनीवर उभं राहणारं, पायानं भाता मारायचं. आपण त्याला पुढे पायपेटी म्हणालो.

त्याच वेळी त्याच शहरात पोलीन व्हियार्दो नावाची एक तरुण गायिका नावारूपाला येत होती. जन्म १८२१ चा, पॅरिसचाच. घराणं स्पॅनिश गवयांचं. वडील मान्युएल गार्सिया नावाजलेले गायक, मोठी बहीण मारिया मालिब्रान साऱ्या युरोपात गाजलेली. भाऊ, त्याचंही नाव मान्युएलच, गाणं शिकवता शिकवता थेट गळ्यात डोकावला: १८५४ मध्ये त्यानं लहानसा आरसा घशात धरून स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली. अशा घरात वाढलेल्या पोलीनचा आवाज ना अगदी वरचा, ना अगदी खालचा. तिकडे याला मेझो-सोप्रानो म्हणतात; मेझो म्हणजे इटालियनमध्ये अर्धा, मधला. संगीतिकेत नायिकेचा मान बहुधा चढ्या आवाजाकडे जाई. मधल्या आवाजाच्या वाट्याला आई, दासी, जादूगारीण, नाहीतर पुरुषवेश. पोलीननं हा दुय्यमपणा मानला नाही. १८४९ मध्ये मायरबेअरच्या 'ल प्रोफेत' या संगीतिकेत ती आई झाली आणि त्या आईनंच रंगभूमी जिंकली. १८५९ मध्ये संगीतकार बेर्लिओझनं ग्लुकचा जुना 'ऑर्फे' तिच्या आवाजासाठी नव्यानं बेतला. त्यात ती पुरुष झाली, मेलेल्या बायकोला परत आणायला पाताळात उतरणारा.

याच १८५९ मध्ये फ्रेंच सरकारनं एक सरकारी सूर ठरवला. वाद्यवृंद वर्षागणिक आपला सूर चढवत चालले होते आणि त्यात गायकांचे गळे फाटत होते. म्हणून आपल्या हिशेबात जी पांढरी सहा, ती सेकंदाला ४३५ कंपनांवर बांधून टाकली. काळी चारच्या अगदी शेजारची पट्टी. जगानं पुढे ती ४४० वर नेली, पण सूर कायद्यानं खुंटीला बांधण्याची सुरुवात ही.

पेटी हिंदुस्थानात आली, पण पाय सोडून बसणं आपल्या बैठकीला मानवेना. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिचे पाय काढले, भाता मागे नेऊन हाताला दिला. तीच आपली बाजाची पेटी. नाटकवाल्यांनी मात्र पायपेटी आणि तिची थोरली बहीण ऑर्गन सोडली नाही. संगीत नाटक मंडळ्या कापसाच्या हंगामात हाती पैसा खेळणाऱ्या वऱ्हाडचा दौरा चुकवत नसत, आणि त्यांच्याबरोबर ही धुडं अकोल्या-अमरावतीला उतरत. पट्टीचं व्याकरण इथल्या कानांना त्यांनीही शिकवलं असणार.

इथे एक गंमत आहे. पॅरिसमध्ये मधल्या आवाजाच्या बायका पुरुष होत होत्या. आपल्याकडे पुरुष बायका होत होते. अमरावतीच्या वीर वामनराव जोशींच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'ची नायिका मृणालिनी रंगवली ती केशवराव भोसल्यांनी. वामनरावांचंच 'रणदुंदुभि' १९२७ मध्ये बळवंत संगीत मंडळीनं आणलं, तेही दीनानाथ मंगेशकरांच्या गळ्यावर. गळा कोणाचा आणि लुगडं कोणाचं, याचा मेळ प्रेक्षक मनातल्या मनात घालून टाकत.

आता त्या भजनातल्या बाईकडे परत येऊ. मेझो-सोप्रानोचा पल्ला साधारण दोन सप्तकांचा धरतात आणि तो सुरू होतो पांढरी सहापासून, म्हणजे या बाईच्या षड्जाला लागून. तिला तर षड्जाखाली मंद्र पंचमापर्यंत उतरायचं असतं, वर तार सप्तकातही जायचं असतं. पॅरिसच्या एखाद्या गुरूनं तिला तपासलं असतं, तर मेझो नाहीतर त्याहूनही खालच्या रांगेत बसवलं असतं. आपल्या बहुतेक गायिकांची हीच गोष्ट. तिकडे जो आवाज बाजूच्या भूमिकांना राखून ठेवला, तो आपल्याकडे बाईचा सरळ साधा आवाज आहे. मला हे आपलं शहाणपण वाटतं. तिकडची रांग गायिकेला बहुधा जन्मभर पुरते. इकडची पट्टी वय झालं की निमूट खाली येते, आणि त्यात कोणाला कमीपणा नाही.

पट्ट्यांचा काळा-पांढरा रंग हाही निव्वळ योगायोग. देबँच्या शंभर-दीडशे वर्षं आधीच्या फ्रेंच हार्प्सिकॉर्डवर पुष्कळदा हे रंग उलटे असत: खालच्या पट्ट्या काळ्या, वरच्या पांढऱ्या. देबँनं तो रिवाज उचलला असता, तर आपल्या माऊलीनं "पांढरी चार धर" म्हटलं असतं.

पेटीला शत्रूही भेटले. बारा पट्ट्यांत श्रुती मावत नाहीत, मींड निघत नाही, म्हणून १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीनं तिला दाराबाहेर ठेवलं, ते जवळपास तीस वर्षं. आक्षेप खराच होता. पण ज्या काळात पेटीला रेडिओवर मज्जाव होता, त्या काळातही गवई आपला सा पेटीच्याच भाषेत सांगत होते.

आता पेटीचे सूर, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या धातूच्या पात्या, गुजरातेतल्या पालिताण्याला घडतात. जाणते पेटीवाले मात्र जुने पॅरिसचे सूर मिळाले तर अजून जपून ठेवतात. तुमच्या वाड्यात, देवळाच्या माळ्यावर एखादी पायपेटी उंदरांच्या हवाली झाली असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी झाकण उघडून कारखान्याचं नाव तेवढं वाचा, आणि गावातल्या पेटीवाल्याला एकदा दाखवा.