मिसळीच्या टेबलाचा इतिहास

सुशी हा श्रीमंतांच्या हौसेचा पदार्थ आहे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. समुद्रापासून दूर असलेल्या नाशिकसारख्या शहरातही हा शब्द अलीकडे मेनूकार्डांवर भेटू लागला असून त्याच्यापुढील आकडा ती समजूत पक्कीच करतो. इतिहास मात्र निराळे सांगतो. मीठ लावलेला मासा भातात दडपून महिनोन्‌महिने आंबवायचा आणि खाताना तो भात टाकून द्यायचा, ही सुशीची जुनी रीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, शिरका घातलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवून तो तिथल्या तिथे गिऱ्हाइकाच्या हाती देण्याची पद्धत रुळली. तिचे श्रेय हानाया योहेई या विक्रेत्याला देण्यात येते. ही सुशी रस्त्याकडेच्या गाड्यांवर मिळे आणि घाईतली माणसे ती उभ्याउभ्या खात. पुढे ती महागली, प्रतिष्ठित झाली. आणि १९५८ साली ओसाकाजवळ शिराइशी योशिआकी यांनी बिअरच्या कारखान्यातील बाटल्या वाहणारा पट्टा पाहून सुशीच्या बशा फिरत्या पट्ट्यावर मांडल्या, तेव्हा ती पुन्हा सामान्यांच्या आवाक्यात आली. अशा दुकानांत बशीच्या रंगावरून किंमत कळते. कोणाला काही विचारावे लागत नाही.

या शेवटच्या गोष्टीपाशी आम्हांस थांबावेसे वाटते. गल्लीतले स्वस्त आणि चांगले उपाहारगृह म्हणजे काय, याचे उत्तर बहुधा चवीच्या आणि दराच्या भाषेत दिले जाते. महाराष्ट्रात मात्र ‘केवढ्याला?’ या प्रश्नाच्या आधी दुसरा एक प्रश्न उभा असे : ‘कोण?’ कोणी रांधले, कोणी वाढले आणि शेजारी कोण बसले, याचा निकाल लागल्यावाचून घास तोंडात जात नसे. आज नाशिककर रविवारच्या सकाळी ज्या टेबलावर अनोळखी माणसाला खेटून मिसळ खातो, त्या टेबलाचा इतिहास हा या पहिल्या प्रश्नाच्या मागे पडण्याचा इतिहास आहे.

नाशिक हे तीर्थक्षेत्र. परगावच्या माणसांना जेवू घालण्याचा व्यवहार या गावाला शतकानुशतके ठाऊक होता. परंतु त्या व्यवहारात दुकान नव्हते. यात्रेकरू गोदाकाठी आला की आपल्या क्षेत्रोपाध्यायाच्या घरी उतरे. उपाध्याय वही उघडून त्याच्या आजा-पणजाची नावे वाचून दाखवी. पाहुणा कोण, कोणत्या गावचा, कोणत्या कुळाचा, याची नोंद आधी आणि पान नंतर. ज्यांना हे साधत नसे ते धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडून आपल्या हाताने शिजवीत. अन्नछत्रे होती, पण तेथेही पंगतीची शिस्त जातीची असे.

या कडक व्यवस्थेला एक फट होती आणि ती शास्त्रानेच ठेवलेली होती. भात, वरण, भाकरी हे खरकटे. लाडू, शेव, चिवडा हे खरकट्यात मोडत नसत. जेवणाला सोवळे, फराळाला तितके नाही. म्हणूनच हलवायाचे आणि चिवडेवाल्याचे दुकान ज्या सहजतेने बाजारपेठेत उभे राहू शकले, त्या सहजतेने भाताचे हॉटेल उभे राहू शकले नाही. नाशिकचा चिवडा प्रसिद्धीस आला, त्यास या फटीचाही थोडा हातभार लागला असावा, असे आम्हांस वाटते. मिसळ हा पदार्थ तर फराळ आणि जेवण यांच्या उंबरठ्यावरच उभा आहे : खाली पाण्यात शिजलेली मटकीची उसळ आणि रस्सा, वर कोरडी शेव-फरसाण. शिवाय सोबतीला पाव. ज्या पावाचा तुकडा विहिरीत टाकल्याने वसईकडची गावेच्या गावे बाटली, अशा आख्यायिका सांगितल्या जात, तो पाव मटकीच्या रश्श्यात बुडवून खाण्याइतका घरचा कसा झाला, हा एक स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

ती वाट सोपी नव्हती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. उपस्थितांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. बहिष्कार, शंकराचार्यांकडे तक्रार, चौकशी आणि अखेर प्रायश्चित्त, असे ते पेल्यातले वादळ पुढे दीड-दोन वर्षे चालले. पुण्याच्या अग्रगण्य पुरुषांना एका कपासाठी एवढे सोसावे लागले असेल, तर ज्यांना कपच वेगळा ठेवलेला असे, त्यांची गोष्ट काय सांगावी!

ती गोष्ट कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी लिहिली, आणि तीही हॉटेल काढून. राजवाड्याच्या पागेत नोकरीस असताना सवर्णांच्या पाण्याला स्पर्श केला म्हणून त्यांना मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढण्यास बळ दिले. ‘सत्यसुधारक’ हॉटेलात चहा उत्तम असूनही गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज आपली गाडी दारात उभी करून तेथला चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. राजाने प्यालेला चहा नाकारणार कोण? सुधारणेचा याहून स्वस्त आणि याहून परिणामकारक प्रयोग आमच्या माहितीत नाही.

नाशिकमध्ये हा झगडा देवळाच्या दाराशी झाला. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी तो पुढे वर्षानुवर्षे नेटाने चालविला. दार काही त्या लढ्यात उघडले नाही. त्याआधी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्यांवर हल्ला झाला, तेव्हा जेवणाच्या मंडपातील अन्नही मातीत मिळविण्यात आले होते. पाणी, अन्न आणि देव, तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता. नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांनी १९३३ साली रत्नागिरीस अखिल हिंदू उपाहारगृह काढले, तेव्हा तो चहा पिणे हीच एक जाहीर कृती ठरली. आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, विहिरी, तलाव यांच्याबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचाही नावानिशी उल्लेख केला. जगातील मोठमोठ्या हक्कांच्या यादीत हॉटेलाला जागा मिळावी, हे परक्यास विचित्र वाटेल. वरील इतिहास ठाऊक असलेल्यास वाटणार नाही.

कायद्याने जे लिहिले ते रोजच्या सवयीत उतरविण्याचे काम बऱ्याच अंशी कारखान्याच्या भोंग्याने केले. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनचा. ओझरला विमानांचा कारखाना १९६४ मध्ये आला. मग सातपूर, अंबड येथील औद्योगिक वसाहती वाढल्या. पाळी सुटलेल्या कामगाराला पोटभर, झणझणीत आणि झटपट काही हवे असते. मटकी स्वस्त, काळ्या मसाल्याचा रस्सा पुन्हा मागता येतो, पाव मोजून घेता येतो. मेन रोडवरील भगवंतराव, पंचवटीतील अंबिका, सातपूरचे शामसुंदर ही नावे नाशिककरांच्या बोलण्यात पत्त्यासारखी येतात, ती अशा खाण्यामुळे. भिंतीवरच्या दरफलकाने उपाध्यायाच्या वहीची जागा घेतली. फलक वाचणाऱ्याचे कूळ विचारीत नाही.

अर्थात पैशाचा प्रश्नही निष्पाप नाही. शहराबाहेरच्या मळ्यांत आता झोपाळे, चूल आणि मोटारींसाठी ऐसपैस जागा असलेली मिसळीची ठिकाणे झाली आहेत. ती वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. पोराबाळांसह रविवार घालवावयास ती चांगलीच. परंतु तेथवर जाण्यास वाहन लागते, आणि थाळीत दही, पापड, गुलाबजाम यांची भर पडत गेली की ‘केवढ्याला?’ हा प्रश्नच हळूहळू ‘कोण?’ असे विचारू लागतो. सरकारनेही स्वस्त अन्न देऊन पाहिले : १९९५ नंतर एक रुपयाची झुणका-भाकर, २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी. भुकेल्यास त्यांचे मोल मोठे होते, यात शंका नाही. पण योजनेच्या रांगेत उभा राहणारा लाभार्थी असतो. मिसळीच्या टेबलावर तोच माणूस गिऱ्हाईक असतो. रस्सा फिका असेल तर तो तसे सांगतो आणि वाढप्यास परत बोलावतो.

फिरत्या पट्ट्यावरची सुशी काय आणि सातपूरच्या नाक्यावरची मिसळ काय, तिची किंमत परवडणारी राहणे हे म्हणूनच केवळ खिशाचे प्रकरण नाही. शाहू महाराज ज्या कपासाठी गाडी थांबवीत, तो कप आज कोणासही मागता येतो. तो मागणाऱ्याच्या खिशात तेवढे पैसे उरतील, एवढी काळजी आपल्या पिढीने घ्यावयाची आहे.