खानापूरची नदी, दिवाडीची नौका

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, देगावच्या जंगलात उगम पावणारी म्हादई आपल्याला बहुधा पाणीतंट्यामुळेच आठवते. २०१८ साली लवादाचा निवाडा आला, तरी भांडण मिटलेले नाही. पण याच नावाची एक शिडाची नौका आहे, आणि तिची हकीकत मला जास्त मोलाची वाटते.

५६ फुटांची ही 'म्हादई' दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली, २००९ च्या फेब्रुवारीत नौदलात आली. कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींची. जाणारे कमांडर दिलीप दोंदे, मूळचे नौदलातले पाणबुडे. बांधणी चालू असतानाच ते नौकेची अंगे-उपांगे शिकत गेले.

शिडाच्या क्लबात मुले शिकतात तीही अशीच, पायरीपायरीने. आधी गाठी, मग उलटलेली होडी सरळ करणे, मग सुकाणू. वाऱ्याच्या थेट तोंडावर होडी जातच नाही. वारा साधारण ४५ अंश बाजूला ठेवून, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, नागमोडी पुढे सरकायचे. दर वळणाला शीड दुसऱ्या बाजूला जाते. वेळीच वाकला नाहीत तर शिडाखालची आडवी काठी कपाळात बसलीच म्हणून समजा!

दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटे निघाले, चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे 'म्हादई'वरच शिकलेल्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला गोव्यातच परतल्या. 'तारिणी'ही दिवाडीचीच, नाव मात्र ओडिशातल्या तारातारिणी देवीचे.